कट्, पाव, ठिपका

गाडीचं इंजिन माझ्यामुळे मेलं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी मला बिचारी समजेल, आणि ते मला पचायचं नाही.

आमची गाडी डिझेलची, टर्बोवाली. टर्बो म्हणजे इंजिनाच्या कुशीला चिकटलेली लोखंडी गोगलगाय. आत एक चक्र भन्नाट वेगानं फिरतं आणि इंजिनात जादा हवा कोंबतं. ते चक्र तेलावर फिरतं. म्हणून गाडी लांबून पळवत आणली की लगेच चावी बंद करायची नाही. एक मिनिट इंजिन नुसतं चालू ठेवायचं, तेवढ्यात चक्र मंदावतं, निवतं. अब्बांनी हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "दम घेऊ दे तिला," म्हणायचे. पण मी गणिताची शिक्षिका, पहिला तास माझा, आणि आमच्या अणदूरहून निघायला रोज उशीर. ते एक मिनिट माझ्याकडे कधी नसायचंच. शाळेच्या फाटकाशी चावी बंद आणि मी पळत वर्गात. दोन वर्षं हेच केलं. मग एका सकाळी गाडीनं निळा धूर सोडला, तेलाचा लाल दिवा लागला, आणि तरी मी तास चुकू नये म्हणून दोन किलोमीटर तशीच पुढे गेले. शाळेजवळ पोचेपर्यंत इंजिनातून ठक ठक ठक ऐकू यायला लागलं होतं.

गाडी ट्रॅक्टरला बांधून घरी आणली. अब्बा बस डेपोतून निवृत्त झालेले, तीसेक वर्षं त्यांनी इंजिनंच उघडली. त्यांनी मला एकदाच चावी फिरवायला लावली, मान तिरकी करून ऐकलं आणि हात वर केला. "बंद कर. टर्बोनं तेल पिलं, तेल सरलं, बेरिंग गेलं." घरात आम्ही दखनी बोलतो, पण इंजिनाचं काही बोलायचं असलं की अब्बा मराठीत येतात, कारण ते काम ते मराठीत शिकले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण अब्बा खूश दिसत होते. "घरीच बांधू," ते म्हणाले. "कुठं न्यायची गरज न्हाय."

अम्मीनं माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली.

कारण अब्बा विसरायला लागले होते. चार-सहा महिने झाले असतील. संध्याकाळची नमाज पढून घरी आले आणि पाव तासानं पुन्हा टोपी घालून निघाले. चहात दोनदा साखर घालायचे. एकदा मी शाळेतून आले तर मलाच विचारलं, तुझी शाळा कोणत्या गावाला म्हणालीस? मी हसण्यावारी नेलं. अम्मीला म्हटलं तर ती म्हणाली, "थकेले है, और क्या." त्यानंतर आम्ही दोघी त्यावर बोललो नाही. बोललं की ते खरं होईल अशी काहीतरी वेडी समजूत दोघींची होती. आणि इकडे दर महिन्याला अम्मीला डोळ्यांत इंजेक्शन घ्यायला सोलापूरला न्यावं लागायचं, याच गाडीतून, हायवेवरून, पुढेमागे अवजड ट्रक. अब्बांच्या हातून एखादी गोष्ट राहून गेली तर ती याच रस्त्यावर कळणार होती. मी मूग गिळून बसले, कारण इंजिन मीच मारलं होतं.

खंडोबा तेव्हा नळदुर्गला गेलेले होते. देव दरवर्षी दोन महिने तिकडे मुक्कामाला असतात, तेव्हा आमचं गाव जरा रिकामं वाटतं, रस्त्याला गर्दी नसते. परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी तुळईला चेनपुली टांगून अब्बांनी इंजिन बाहेर काढलं. शेजारचे काका साखळी ओढू लागले, मी इंजिनाला धक्का लागू नये म्हणून धरून उभी. क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, सोलापूरला लेथवर घासून आणला. नवी बेरिंगं, नव्या रिंगा, टर्बोच्या आतला नवा गाभा. सुटीचे दिवस आणि शाळेनंतरचे दोन तास मी अब्बांजवळ बसायचे. आणि खरं सांगते, त्या शेडमध्ये ते काहीच विसरत नव्हते. कुठला नट कुठल्या डब्यात आहे हे न बघता सांगायचे. मला वाटायला लागलं, मीच भित्री. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय.

आता त्या आठ बोल्टांबद्दल सांगायला हवं. इंजिनात चार रॉड असतात, पिस्टन आणि क्रँक यांना जोडणारे. प्रत्येक रॉड क्रँकला एका टोपीनं पकडलेला असतो आणि प्रत्येक टोपीला दोन बोल्ट. हे बोल्ट नुसते जोर लावून आवळायचे नसतात. टॉर्कचा पाना लावायचा, ठरल्या जोराला तो 'कट्' असा आवाज करतो. मग वर आणखी पाव फेरा द्यायचा, बरोबर पाव. पाव दिला नाही तर बोल्ट चालता चालता ढिला होणार. पाव दोनदा दिला तर बोल्ट ताणून तुटणार. आणि लागलेल्या बोल्टकडे बघून पाव दिला की नाही हे देवालाही सांगता यायचं नाही. म्हणून डेपोत रिवाज होता, पाव दिला की त्याच क्षणी बोल्टच्या डोक्यावर रंगाचा ठिपका. कट्, पाव, ठिपका. मधे उठायचं नाही, बोलायचं नाही, कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. एका ट्रकचं इंजिन अब्बांनी पाहिलं होतं, त्यात एक बोल्ट राहिला होता. रॉड इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला होता. "माझी मूठ जाईल एवढं भोक," अब्बा मूठ वळून दाखवायचे. "आन् समदं तेल मागच्या चाकाखाली. गाडी कुठं थांबती मग?"

डेपोत पिवळा ऑइलपेंट असायचा. घरी मी माझी लाल नखपॉलिशची बाटली दिली. चुलतबहिणीच्या लग्नाला आणलेली, तेलानं पुसली जात नाही, शिवाय झाकणालाच ब्रश. अब्बांना कल्पना फार आवडली. अडचण एवढीच की त्यांचा हात आता थोडा कापतो, आणि पॉलिश बोटाला, नखाला लागायचं. नखावर पॉलिश असलं की खाली पाणी पोचत नाही, वजू म्हणजे नमाजीआधीचं हातपाय-तोंड धुणं पुरं होत नाही, आणि वजूशिवाय नमाज नाही. म्हणून अम्मी जन्मात पॉलिश लावत नाही. अब्बा दर वेळी पेट्रोलचा बोळा घेऊन नख घासत बसायचे, दहा-दहा मिनिटं.

त्या दुपारी आम्ही टोप्यांचे बोल्ट लावत होतो. शाळेला सुटी होती. इंजिन उलटं करून ठेवलेलं, मी पुस्तकातला आकडा वाचायची आणि उजेडाला बॅटरी धरायची. पहिले चार झाले. कट्, पाव, ठिपका. पाचव्याला अब्बांनी घड्याळ पाहिलं. अजान व्हायला थोडाच वेळ होता. "आता रंग नमाजीनंतर लावू," ते म्हणाले. "बोटाला लागलं तर वजूला उशीर हुईल."

मला ते शहाणपणाचंच वाटलं.

पाचवा झाला. सहावा झाला. सातव्याचा कट् मी ऐकला, पावही पाहिला. तेवढ्यात आतून अम्मीनं हाक मारली, शाळेतून फोन होता, मी उठले. ओ द्यायची नसते हा नियम अब्बांचा होता, माझ्या कधी डोक्यातच आला नाही. फोनवर दोन-तीन मिनिटं गेली. परत आले तर अजान सुरू होती, पाना गोणपाटावर पडलेला होता आणि अब्बा नळाशी वजू करत होते.

नमाजीहून आले, बसले, बाटली उघडली आणि उरलेल्या चारही बोल्टांवर एकामागून एक ठिपके दिले. हात त्या दिवशी अजिबात कापला नाही.

"अब्बा, शेवटचा झाला होता ना?" मी विचारलं.

"झाला न्हाय तर रंग लावीन व्हय?" ते एकदम तिखटपणे म्हणाले.

अब्बा माझ्याशी तिखट बोलत नाहीत. इंजिन मारलं तेव्हाही बोलले नव्हते. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे त्यांच्या तोंडावर 'तुम्ही विसरता' म्हणणं होतं, आणि ते माझ्याच्यानं झालं नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी तेलाचं चेंबर खालून बसवलं, कडेनं पॅकिंग लावलं, बोल्ट आवळले. लाल ठिपके आत बंद झाले.

पुढचे दोन आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. अब्बा वर हेड चढवत होते, पट्टा लावत होते, मी शेजारी बसून हवी ती वस्तू देत होते. वर्गात फळ्यावर आठाचा पाढा लिहिताना शेवटच्या ओळीला खडू थांबायचा. पोरं वाट बघत बसायची. रस्त्यात ट्रॅक्टर जरी ठकठकला तरी मी थांबून ऐकायचे. मनाशी हिशोब मांडायची, तीन मिनिटांत एक कट् आणि एक पाव सहज होतो. मग लगेच दुसरं मन म्हणायचं, सहज होतो म्हणजे झालाच असं नाही. एवढी वर्षं गणित शिकवते, पण एका प्रश्नाचं उत्तर हो की नाही एवढंच असावं आणि ते काढता येऊ नये, असं कधी झालं नव्हतं. रोज ठरवायची, आज बोलायचं. अब्बा शेडमधून हात पुसत बाहेर यायचे, चेहरा असा उजळलेला असायचा की मी चहा ठेवायला आत जायचे.

इंजिन सुरू करायचा दिवस आला. अब्बांनी टर्बोच्या तोंडात आधी कुपीनं तेल सोडलं. मला हवेच्या पाइपाशी एक फळी देऊन उभं केलं. "टर्बोतनं तेल आत गेलं तर इंजिन चावीनं बंद हुत न्हाय," ते म्हणाले. "तेलावरच पळत ऱ्हातं, फुटंस्तोवर. म्या हात केला की तोंडावर फळी दाब. हात न्हाय लावायचा, वढून घील." फळी धरून मी उभी राहिले. भीती होतीच. पण त्या भीतीचं मला काही विशेष वाटलं नाही, कारण ती दिसणारी होती, तिच्यावर फळी दाबता येत होती.

इंजिन सुरू झालं. थोडं खोकलं, पांढरा धूर सोडला आणि मग एका सुरात चालायला लागलं. टर्बोची बारीक शीळ आली. शेजारच्या काकांनी पेढा आणला. अम्मीनं बुरखा घातला, पर्स घेतली आणि मागचं दार उघडायला निघाली, नळदुर्गपर्यंत चक्कर मारून येऊ म्हणाली.

"नको," मी आणि अब्बा एकदमच म्हणालो.

अम्मी थांबली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"पयली चक्कर म्या एकटा मारतो," अब्बा म्हणाले. मी म्हटलं, एकटे नाही जायचं, मी चालवते. ते म्हणाले, मग तू घरी थांब. मी म्हटलं, तुम्ही थांबा. अशी ओढाताण झाली, काका हसायला लागले. शेवटी चालवायला मी आणि शेजारी अब्बा असे निघालो.

हायवेला लागलो. चाळीस, पन्नास. माझे कान आवाजात, डोळे तेलाच्या दिव्यात. ट्रक ओलांडून जायचा तेव्हा गाडी हलायची आणि मला वाटायचं, झालं. अब्बा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. नवीन बांधलेल्या इंजिनात बसले की ते सारखे बोलतात, हे ऐक, ते ऐक, आता जरा ओढ. त्या दिवशी बोलत नव्हते. नळदुर्गच्या अलीकडे चढ लागला. गिअर बदलून जोर द्यायला हवा होता आणि माझा पाय खाली जाईना. मी हळूच त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. ते दुआ पढत होते.

"अब्बा," मी म्हटलं, "शेवटच्या बोल्टची मला खात्री नाही."

त्यांची दुआ थांबली.

"मला बी न्हाय," ते म्हणाले.

मी गाडी कशीबशी सरळ धरली होती. "मग रंग कशाला लावलात?"

"तू बघत हुतीस," अब्बा म्हणाले. "तुज्यासमोर इसरलो कसं म्हणू?"

मी गाडी कडेला घेतली, चावीला हात घातला. त्यांनी माझा हात धरला. "दम घेऊ दे तिला," म्हणाले. ते एक मिनिट माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब मिनिट. इंजिन सुरळीत चालू होतं आणि मी एक एक आकडा मोजत होते, चाळीस, एकेचाळीस, आता फुटेल, आता फुटेल. साठला मी चावी फिरवली. मग काकांना फोन केला आणि दुसऱ्यांदा आमची गाडी ट्रॅक्टरच्या मागे गावात आली. काकांनी कुणालाच काही विचारलं नाही, हे त्यांचे उपकार.

अम्मीला अब्बांनी स्वतः सांगितलं. चुलीशी उकिडवे बसून, दखनीत, हळू आवाजात. ती भाकरी थापत होती, हात थांबवला नाही. "हौ," म्हणाली, "मालूम है मेरे कू."

ते बोल्ट एकदा सोडले की पुन्हा वापरायचे नसतात, म्हणून नवे आठ मागवले. गाडी खाली शिरता येईल अशी उंच लोखंडी घोड्यांवर, म्हणजे तिवयांवर, चढवली. या वेळी खाली मी झोपले आणि अब्बा बाहेर बॅटरी धरून बसले. त्यांनीच पाना माझ्या हातात दिला, मी मागितला नव्हता. तेल उतरवलं, चेंबर खाली घेतलं. वर आठ लाल ठिपके, एकही पुसला गेला नव्हता. एका वेळी एकच बोल्ट सोडायचा, त्याच्या जागी नवा लावायचा. पहिला सोडताना दोन्ही हातांनी झटका द्यावा लागला. दुसऱ्यालाही. सातव्यापर्यंत सगळ्यांना तेवढाच झटका. शेवटच्याला पाना लावला आणि माझे डोळे आपोआप मिटले. झटका दिला. हलला नाही. पुन्हा दिला, तेव्हा सुटला, बाकीच्यांसारखाच, तेवढ्याच जोरानं.

"लागलेला होता, अब्बा," मी खालून ओरडले. "पुरा लागलेला होता."

मी सरकत बाहेर आले. अब्बा बॅटरी मांडीवर घेऊन बसले होते, ती चालूच होती.

"व्हय," ते म्हणाले. "पर मला ते आठवत न्हाय बाळ. म्या किती बी हुडिकलं तरी तितं काईच न्हाय."

मला वाटत होतं बोल्ट घट्ट निघाला की भीती जाईल. ती गेली नाही. तिनं फक्त जागा बदलली. त्यांचा हात काम बरोबर करून आला होता आणि त्यांना ते कळलंच नव्हतं. आता त्यांच्या कोणत्या कामावर ठिपका ठेवायचा आणि कोणत्यावर नाही, हे ना त्यांना सांगता येणार होतं ना मला. मी तिथंच त्यांच्याजवळ जमिनीवर बसून रडले. त्यांनी तेलकट हात माझ्या डोक्यावर ठेवला, मग तेलकट आहे हे लक्षात येऊन काढून घेतला.

शेवटचा नवा बोल्ट लावायचा राहिला होता आणि अजान झाली. मी म्हटलं, अब्बा, तुम्ही व्हा पुढे. ते हलले नाहीत. "आधी ह्यो पुरा कर," म्हणाले. मी पुन्हा खाली गेले. कट्. पाव. "ठिपका," बाहेरून आवाज आला. मी ठिपका दिला. "दिलास?" दिला, मी म्हटलं. "बघू." मी लाल झालेलं बोट गाडीखालून बाहेर काढून दाखवलं, तेव्हा ते उठले.

अम्मीला आता त्याच गाडीतून सोलापूरला नेते. अब्बाही येतात, त्यांनाही तिथं दाखवतो. डॉक्टर गोळ्या देतात, काय काय केलं ते वहीत लिहायला सांगतात. दवाखान्याच्या दारात गाडी थांबली की मी चावीला हात लावत नाही, कारण मागून अब्बा सांगणार असतात, दम घेऊ दे तिला. ते सांगायचं ज्या दिवशी राहील त्या दिवसाची मला भीती वाटते, आत्तापासूनच वाटते. अजून तरी सांगतात. कधी कधी दोनदा सांगतात, आणि मग मी दोन मिनिटं थांबते.